गोल्डफिशची शेपटी झिजते आहे. औषध कोणते घालावे?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मुलाच्या हट्टाखातर दीड वर्षापूर्वी दोन फुटी फिश टँक घेतला. त्यात चार गोल्डफिश (दोन ओरांडा, दोन साधे), दोन टायगर बार्ब आणि काच साफ करण्यासाठी एक सकर होता. यंदा पुराच्या दिवसांत नळाला पाणी आले नाही आणि नंतर आले ते गढूळ होते. पाणी सुरळीत झाल्यावर मी टँक पूर्ण रिकामा केला, वाळू आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला आणि नवे पाणी भरले. आठवड्याभरात एका ओरांडाच्या शेपटीची कड पांढुरकी होऊन झिरझिरीत झाली आणि परांत लाल रेषा दिसू लागल्या. दुसऱ्या ओरांडाच्या शेपटीचे मधूनच तुकडे गेले आहेत. एक साधा गोल्डफिश मेला, दुसरा पर मिटून कोपऱ्यात बसतो. दुकानदाराने निळे औषध दिले, ते तीन दिवस घातले, फरक नाही. कोणी म्हणते मेडिकलमधून अँटिबायोटिकची कॅप्सूल आणून फोडून टाका. सासरे म्हणतात, हाल बघवत नाहीत, रंकाळ्यात सोडून द्या. मी काय करू? झिजलेली शेपटी परत येते का?

उत्तर : तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट फार बरी वाटली, ती म्हणजे तुम्ही प्रत्येक माशाचे लक्षण वेगळे लिहिले आहे. परांच्या आजारात निम्मे निदान अशा बारीक पाहण्यातूनच होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे मुलाला सांगता येईल: हो, पर परत वाढतात, मात्र सड पराच्या मुळाशी, म्हणजे तो अंगाला जिथे जोडलेला असतो तिथपर्यंत पोहोचलेली नसावी. तुमच्या वर्णनावरून सड अजून कडेलाच आहे, त्यामुळे वेळ गेलेली नाही.

तुमच्या टँकमध्ये एक नव्हे, दोन वेगवेगळ्या गोष्टी घडत आहेत असे मला वाटते. पहिल्या ओरांडाची कड पांढुरकी आणि झिरझिरीत झाली आहे आणि परांत लाल रेषा आहेत. हे पर सडण्याचे सरळ लक्षण आहे, ज्याला दुकानात ‘फिन रॉट’ म्हणतात. दुसऱ्याच्या शेपटीचे मधूनच तुकडे गेले आहेत. तिथे कड स्वच्छ, पारदर्शक आणि कापल्यासारखी असेल, तिला पांढरी, काळी वा लाल किनार नसेल, तर तो रोग नव्हे, चावा आहे. आणि चावणारे कोण, हे टायगर बार्बच्या नावावरून नसले तरी स्वभावावरून सांगता येते. लांब, संथ शेपट्या कुरतडणे ही या जातीची ओळखीची सवय आहे, आणि कळपात राहणारा हा मासा दोनच्या संख्येने ठेवला की सगळा त्रास शेजाऱ्यांना देतो. सकरकडेही लक्ष ठेवा. तो मोठा झाला की रात्री संथ गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो आणि त्या जागी जखम होऊन तिथूनच सड सुरू होऊ शकते. टायगर बार्ब आणि सकर यांना आजच वेगळे करा किंवा दुकानात परत द्या, कारण चावे सुरू असताना कोणताही उपचार टिकणार नाही.

आता सडण्याच्या कारणाकडे येऊ. ही सड मुख्यतः एरोमोनास, स्यूडोमोनास आणि फ्लॅव्होबॅक्टेरियम या गटांतल्या जिवाणूंमुळे होते. हे जिवाणू कुठून तरी अचानक येत नाहीत. निरोगी टँकच्या पाण्यातही ते थोड्याफार प्रमाणात असतातच. माशाच्या अंगावरचा चिकट थर आणि त्याची प्रतिकारशक्ती त्यांना रोखून धरते, आणि पाणी बिघडून मासा अशक्त झाला की त्यांना परांची नाजूक कड मोकळी मिळते. म्हणून पर सडलेला मासा दिसला की मी पहिला प्रश्न औषधाचा विचारत नाही, गेल्या पंधरवड्यात पाण्याचे काय झाले हे विचारतो. त्याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि वाळूत वाढणारे उपयुक्त जिवाणू, ज्यांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पिरा ही नावे प्रमुख आहेत, या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टँकमध्ये ही वसाहत जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तुम्ही स्पंज आणि वाळू नळाखाली धुतली तेव्हा नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने आणि घासण्याने ती दीड वर्षाची वसाहत बहुतांशी नाहीशी झाली. टँक दिसायला स्वच्छ झाला, पण पाण्याच्या दृष्टीने तो पहिल्या दिवसावर गेला, आणि मासे मात्र पूर्वीइतकेच राहिले. आठवड्याभरात अमोनिया चढला. परांतल्या लाल रेषा, पर मिटून कोपऱ्यात बसणे आणि एका माशाचा मृत्यू या तिन्ही गोष्टी त्याच्याशी जुळतात. गढूळ पाणी पाहून कोणीही सगळे धुऊन काढले असते, त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका.

कोल्हापुरात हा प्रसंग पावसाळ्यात अनेक घरांत येतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पंचगंगेच्या पाण्याने उपसा केंद्रे बंद पडून शहराचा पाणीपुरवठा काही दिवस विस्कळीत झाला होता, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. अशा वेळी पाणी पुन्हा सुरू झाले की गढूळपणा आणि जंतू यांच्यामुळे ते अधिक काळजीने निर्जंतुक केले जाणे स्वाभाविक आहे. माणसांसाठी ते हवेच. माशांच्या कल्ल्यांना मात्र क्लोरिन थेट भाजतो. त्यामुळे नळाचे पाणी टँकमध्ये कधीही थेट भरू नये. उघड्या बादलीत 24 तास ठेवून, शक्य असल्यास त्यात एअर पंपाची नळी सोडून, क्लोरिन उडून जाऊ द्यावा, किंवा दुकानात ‘अँटी-क्लोरिन’ या नावाने मिळणारे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घालावेत. गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या पाण्यातही थोडा क्लोरिन उरलेला असू शकतो, म्हणून तेही तसेच वापरू नका.

आता उपचार. सर्वांत आधी अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता) मोजण्याचा थेंबांचा टेस्ट किट आणा; औषधाच्या तीन बाटल्यांपेक्षा तो अधिक उपयोगाचा आहे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असले पाहिजेत. अमोनिया 0.25 पीपीएम (म्हणजे लिटरला 0.25 मिलिग्रॅम) दिसला तरी तो इशारा समजा आणि 0.5 किंवा अधिक असेल तर त्याच दिवशी पाणी बदला. पीएच जितका जास्त आणि पाणी जितके उबदार, तितका तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. बोअरचे पाणी घालत असाल तर ही बाब विशेष लक्षात ठेवा, कारण ते बहुधा जड (क्षारयुक्त) असते आणि त्याचा पीएचही नळाच्या पाण्यापेक्षा वेगळा असू शकतो.

पुढचे काही दिवस रोज सुमारे 30 टक्के पाणी बदला. सगळे पाणी पुन्हा एकदम बदलू नका, कारण तापमान आणि पीएच यांतला अचानक फरक अशक्त माशाला आणखी खचवतो. नळीने वाळूतली घाण ओढून काढा. मात्र नळी तोंडाने ओढून सुरू करू नका, आणि हातावर चीर वा जखम असेल तर हात टँकमध्ये घालू नका, कारण पाण्यातले काही जिवाणू माणसाच्या जखमेतही शिरतात. नवे पाणी तापमानाला सारखे करून हळूहळू ओता. फिल्टर 24 तास चालू ठेवा आणि यापुढे स्पंज पिळायचा असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. खाद्य एक दिवसाआड आणि दोन मिनिटांत संपेल इतकेच द्या. घरातल्या थोरांना हे क्रूर वाटेल, पण गोल्डफिशला काही दिवस कमी खाणे सहज सोसते, अमोनिया मात्र सोसत नाही. ओळखीच्या कोणाकडे निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा मागून घ्या आणि तो ओला ठेवून लगेच आपल्या फिल्टरमध्ये घाला. वसाहत परत बसवण्याचा याहून जलद मार्ग मला माहीत नाही.

पर सडलेला ओरांडा आणि कोपऱ्यात बसणारा मासा यांना वेगळ्या टबमध्ये घ्या. साबण कधीही न लागलेला 20 ते 25 लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात क्लोरिन गेलेले 20 लिटर पाणी, एअर पंपाचा दगड आणि वर जाळी, एवढे पुरे. उजेड मंद ठेवा. या टबात मीठ वापरा. लक्ष्मीपुरीत किंवा कोणत्याही किराणा दुकानात मिळणारे खडे मीठ चालते. ते थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून घाला, माशांच्या अंगावर खडे टाकू नका. प्रमाण असे: 20 ग्रॅम आज, 12 तासांनी आणखी 20 आणि पुन्हा 12 तासांनी 20, म्हणजे एका दिवसात लिटरला 3 ग्रॅम होते. गोल्डफिशला हे प्रमाण मानवते. मिठामुळे माशाला अंगातले क्षार टिकवणे सोपे जाते, अंगावरचा चिकट थर वाढतो आणि नायट्राइटचा त्रासही कमी होतो. टबात फिल्टर नसल्याने रोज निम्मे पाणी बदला, आणि बदललेल्या 10 लिटरपुरतेच 30 ग्रॅम मीठ पुन्हा घाला. पाणी वाफ होऊन कमी झाले तरी मीठ आतच राहते, म्हणून वरून घातलेल्या साध्या पाण्यासाठी वेगळे मीठ घालायचे नाही. चमच्याने नव्हे, वजनकाट्याने मोजा. हे 7 ते 10 दिवस चालू ठेवा. मोठ्या टँकमध्ये मीठ घालण्याची गरज नाही. तिथे वनस्पती असतील तर त्या कोमेजतील.

निळ्या औषधाबद्दल. ते बहुधा मिथिलीन ब्लू असावे. बुरशीवर ते उपयोगी आहे, जिवाणूंच्या सडीवर त्याचा प्रभाव मर्यादित, आणि फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंना ते मारक. म्हणजे ज्या वसाहतीची आत्ता सर्वांत जास्त गरज आहे, तिलाच ते उठू देत नाही. मोठ्या टँकमध्ये ते घालणे लगेच थांबवा आणि रंग काढण्यासाठी फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवा (शेगडीचा कोळसा चालत नाही). टबातल्या माशाच्या परावर कापसासारखे पांढरे तंतू उगवलेले दिसले, तर ती सडलेल्या जागेवर बसलेली सॅप्रोलेग्निया ही बुरशी समजा आणि मग हेच निळे औषध टबात, बाटलीवरच्या प्रमाणात वापरा. ज्या बाटलीवर औषधाचे नाव आणि प्रमाण लिहिलेले नाही, ती मात्र घेऊच नका. सुटी निळी आणि पिवळी औषधे विकणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे नाही, पण मात्रा ठाऊक नसलेले औषध अशक्त माशाला देणे मला कधीच मान्य होणार नाही.

कॅप्सूल फोडून टाकण्याच्या सल्ल्याला तर माझा ठाम नकार आहे. माणसांच्या कॅप्सूलमधली मात्रा टँकच्या पाण्याला लागू करता येत नाही. टेट्रासायक्लिन गटातली औषधे जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी बांधली जाऊन बरीचशी निकामी होतात. शिवाय फिल्टरची वसाहत मरते आणि अर्धवट मात्रेत वाचलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. अँटिबायोटिक कधीच लागत नाही असे मी म्हणत नाही. सड दोन-तीन दिवसांत मुळाकडे सरकली, अंगावर लाल चट्टे आले, तोंडाभोवती पांढरा थर दिसला किंवा पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा उमटला, तर तो कॉलम्नॅरिस असू शकतो. हा आजार फ्लॅव्होबॅक्टेरियममुळे होतो, बुरशीसारखा दिसतो आणि झपाट्याने मारतो. उबदार पाण्यात तो जास्त वेगाने पसरतो, म्हणून अशा वेळी हीटर लावून पाणी तापवू नका. तेव्हा मात्र एकही दिवस न दवडता माशांचे ज्ञान असलेल्या पशुवैद्याला फोटो आणि पाण्याची मोजमापे दाखवून औषध आणि मात्रा विचारा. मासा खात असेल तर खाद्यातून दिलेले औषध पाण्यात टाकलेल्या औषधापेक्षा चांगले लागू पडते, आणि म्हणूनच मासा खायचा थांबेपर्यंत वाट पाहणे धोक्याचे असते.

पत्रात नसलेली काही लक्षणेही इथे सांगून ठेवतो, कारण परांवर दिसणारी प्रत्येक पांढरी खूण सड नसते. मिठाच्या कणांसारखे सुटे, उठावदार ठिपके परांवर आणि अंगावर दिसले आणि मासा दगडांना अंग घासू लागला, तर तो इक् नावाच्या परजीवीचा ‘व्हाइट स्पॉट’ आजार आहे. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषध त्याला लागत नाही. तो खाली पडून, फुटून, नवी पिल्ले पाण्यात पोहू लागतात तेव्हाच मरतो. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले म्हणून उपचार थांबवायचा नसतो, तो पुढेही काही दिवस चालवावा लागतो. याउलट नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या काडीवर नीटस पांढरे ठिपके आले, तर ते प्रजननकाळाचे लक्षण असते आणि त्यावर औषध घालणे म्हणजे निरोगी माशाला आजारी करणे. पराच्या कडेला फुलकोबीसारख्या गाठी दिसल्या तर तो विषाणूजन्य आजार असू शकतो. त्यावर औषध नाही, पाणी चांगले ठेवले की बहुधा काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. पराच्या मुळाशी लाल ठिपका आणि त्यातून लोंबणारा दोरा दिसला तर तो अँकर वर्म हा परजीवी. उघड्यावरच्या गटारकाठी गोळा केलेल्या ट्युबिफेक्स अळ्या खाऊ घालत असाल तर तेही थांबवा, त्यांच्यासोबत जंतू घरात येतात.

बरे होत असल्याची खूण कशी ओळखायची, हे बऱ्याच जणांना माहीत नसते आणि त्यामुळे ते चांगला चाललेला उपचार मध्येच बदलतात. रोज सकाळी खाद्य देण्यापूर्वी, एकाच बाजूने, मोबाइलवर शेपटीचा फोटो काढा. झिजणे थांबले की आठवड्याभरात कडेला पातळ, काचेसारखी पारदर्शक पट्टी दिसू लागते. तीच नव्या पराची वाढ. पांढुरकी, धुरकट, झिरझिरीत कड म्हणजे सड, आणि स्वच्छ, पारदर्शक, सलग कड म्हणजे वाढ, हा फरक फोटोत चांगला कळतो. अमोनियाने भाजलेल्या जागा बऱ्या होताना परांच्या कडा काळ्या पडतात, तेव्हा घाबरू नका. तो काळेपणा पुढे बहुतेक वेळा जातो. संपूर्ण शेपटी भरून यायला काही आठवडे ते काही महिने लागतात, थंडीत अधिक. नवा भाग कधी किंचित वाकडा किंवा वेगळ्या रंगाचा येतो, त्याने माशाचे काही बिघडत नाही.

सासऱ्यांना माशांची दया येते, हे समजण्यासारखे आहे, पण रंकाळ्यात किंवा पंचगंगेत हे मासे सोडू नका, हे त्यांना आदराने सांगा. आजारी मासा तिथे वाचणार नाही, आणि त्याच्या अंगावरचे जंतू व परजीवी तळ्यातल्या माशांना लागू शकतात. जो वाचतो तो वेगळे संकट उभे करतो. टँकमधून सोडलेल्या सकर माशांच्या जातीने उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांचे आणि स्थानिक माशांचे किती नुकसान केले, हे त्या भागातले लोक सांगतात. औषध किंवा मीठ घातलेले टबातले पाणीही तळ्यात किंवा झाडांच्या मुळांशी न ओतता बाथरूमच्या मोरीतून सोडा.

पुढच्या पावसाळ्यासाठी एवढी तयारी ठेवा: जूनपासून झाकण असलेल्या पिंपात 40 ते 50 लिटर क्लोरिन गेलेले पाणी साठवा आणि ते दर आठवड्याच्या पाणीबदलात वापरून पुन्हा भरत राहा, म्हणजे नळ बंद झाला तरी अडणार नाही. गढूळ पाणी आले तर घाईने टँक बदलू नका. जुने पाणी पिवळसर दिसले तरी मोजमाप ठीक असेल तर ते गढूळ नव्या पाण्यापेक्षा चांगले. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप लावा, तो नसेल तर मगाने टँकमधलेच पाणी थोड्या उंचीवरून पुन्हा टँकमध्ये ओतत राहा आणि वीज येईपर्यंत खाद्य देऊ नका. फिल्टर अनेक तास बंद राहिला असेल तर चालू करण्यापूर्वी त्यात साचलेले पाणी फेकून द्या, कारण प्राणवायूअभावी आत कुजलेले ते पाणी थेट माशांवर येते.

मेलेल्या माशाच्या जागी लगेच नवा आणू नका. 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 30 उंच टँकमध्ये काठोकाठ 54 लिटर पाणी बसते, आणि वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता 45 लिटरच्या आसपास उरते. एवढ्या पाण्यात तीन गोल्डफिशसुद्धा दाटीच करतात, आणि ते वाढले की मोठा टँक लागेलच. मुलाला एखादा हवाच असेल, तर आधी मोठा टँक घ्या, त्यात जुना फिल्टर चालवा, अमोनिया आणि नायट्राइट सलग चार आठवडे शून्य दिसू द्या, आणि मग आणलेला मासाही दोन-तीन आठवडे याच टबात वेगळा ठेवून त्याच्या परांची कड रोज पाहिल्यावरच इतरांत सोडा.